'पाटणा' हे 'पाटलिपुत्रा'चं झिजलेलं रूप आहे का?

प्रश्न दुहेरी आहे: 'पाटलिपुत्र' झिजून 'पाटणा' झालं का, आणि त्यातला 'लि' ऱ्हस्व लिहावा की दीर्घ?

झिजून झालेलं नाही. प्राकृतात 'पाटलिपुत्रा'चं 'पाडलिउत्त' झालं. दोन स्वरांमधल्या 'ट'चा 'ड' झाला, 'पुत्र'चं 'पुत्त' आणि मग 'उत्त'. याच वाटेने 'पाटला' या झाडाचं मराठीत 'पाडळ' झालं. या घडामोडीत 'ण' शिरायला कुठेच जागा नाही. 'पाटणा' येतो 'पत्तन–पट्टण' यावरून, म्हणजे व्यापाराचं मोठं गाव. कोयनाकाठचं पाटण आणि गुजरातेतलं पाटण त्याच कुळातली. 'पैठण' मात्र यात ओढू नये. ते 'प्रतिष्ठान', त्यातला 'ठ' ही 'ष्ठ'ची खूण. तिथल्या पाटनदेवी या देवीवरून पाटणा असंही सांगतात, पण देवीच्या नावातच 'पाटन' आहे, तेव्हा कोडं तिथेच राहतं.

अर्थाचा धागा मात्र फार जुना आहे. बुद्धांच्या अखेरच्या दिवसांची हकिकत सांगणाऱ्या पाली महापरिनिब्बानसुत्तात हे नुसतं 'पाटलिगाम' आहे. मगधाचा राजा अजातशत्रू याचे मंत्री सुनीध आणि वस्सकार शेजारच्या वज्जी गणराज्याला थोपवायला तिथे तटबंदी उभारताहेत. हे नगर पुढे 'पुटभेदन' होईल, असं बुद्ध म्हणतात. पुट म्हणजे पुडा, भेदन म्हणजे फोडणं: जिथे मालाचे पुडे फुटतात ती पेठ. 'पट्टण' हे नाव रुळायच्या कितीतरी आधी गावाचा धंदा ठरला होता! पुढे मगधाचा राजा उदायी याने राजगृहाहून राजधानी इथे हलवली. १९१२ साली बिहार-ओरिसा प्रांत वेगळा झाला, तेव्हा राजधानीचा मान पुन्हा याच गावाला मिळाला.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो पतंजलीचा दाखला. पाणिनीच्या 'यस्य चायामः' या सूत्रावर त्याच्या महाभाष्य या टीकाग्रंथात उदाहरण आहे: 'अनुशोणं पाटलिपुत्रम्', म्हणजे शोण (आजची सोन) नदीच्या कडेने लांबलचक पसरलेलं पाटलिपुत्र. मौर्य दरबारातला ग्रीक राजदूत मेगॅस्थेनिस याचं माप ८० स्टेडिया (अंतराचं ग्रीक माप) लांब आणि १५ रुंद, म्हणजे लांबी रुंदीच्या पाचपटीहून थोडी जास्त. व्याकरणातलं उदाहरण आणि परक्या राजदूताची नोंद इतकी जुळावी! आज शोण गंगेला मिळते ती बरीच पश्चिमेला, मनेरच्या बाजूला. त्यामुळे आजचा नकाशा पुढे ठेवला तर ते उदाहरण चुकीचं वाटेल. नदीने पात्र बदललं आहे.

आता लेखन. मूळ संस्कृत शब्द 'पाटलि'. एकटा आला तर मराठीत 'पाटली', पण समासाच्या पूर्वपदी तत्सम ऱ्हस्व टिकतो: कवी पण कविचरित्र, बुद्धी पण बुद्धिवैभव. म्हणून 'पाटलिपुत्र'. 'नदीकाठ'शी तुलना करू नये, 'नदी' मुळातच दीर्घ.

आणि विभक्ती लावताना 'पुणे–पुण्यात'सारखं 'पाटणा–पाटण्यात' करावं. 'पाटणात' लिहिलंत, तर वाचणारा सातारा जिल्ह्यात पोचेल.