वाचक विचारतात : घरचा लिंबू सोडा, शेवटच्या घोटापर्यंत

उकाडा सुरू झाला की ठाणे आणि नवी मुंबईकडून येणाऱ्या पत्रांचा रोख थंड पेयांकडे वळतो. यंदा बहुतेकांची तक्रार फसफसणाऱ्या लिंबू पेयांविषयी आहे, म्हणून ते प्रश्न एकत्र घेतले आहेत.

बाहेरच्या लिंबू सोड्याला शेवटपर्यंत झणका असतो. आम्ही घरी विकतचाच सोडा वापरतो, तरी ग्लास हातात येईपर्यंत गॅस गेलेला असतो. प्रमाण चुकते का? (नौपाडा, ठाणे)

प्रमाणापेक्षा तापमान आणि क्रम चुकतो. सोड्यातला गॅस म्हणजे पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. पाणी जितके थंड तितका तो जास्त टिकतो. साध्या हवेच्या दाबाला ५ अंश सेल्सिअसच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे २.८ ग्रॅम मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम १.३ ग्रॅम. एप्रिलमध्ये ठाण्यातल्या स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवलेली बाटली ३० अंशांच्या पुढेच असते. ती उघडताक्षणी अर्धी लढाई हरलेली असते; नंतर बर्फ घालून गेलेला गॅस परत येत नाही. म्हणून सोड्याची बाटली किमान चार तास फ्रिजमध्ये मागच्या बाजूला ठेवा. दारातला कप्पा चालत नाही, तिथे पुरेसा गारवा नसतो.

दुसरे कारण कोरडी साखर आणि मीठ. सोड्यात चमचाभर साखर टाकली की फेस उसळतो, तो काही सोड्याचा जोर नव्हे. दाण्यांच्या खडबडीत पृष्ठभागावर बुडबुडे तयार होतात आणि विरघळलेला गॅस एका झटक्यात बाहेर पडतो. त्यामुळे जे काही विरघळवायचे ते सोडा ओतण्याआधी.

पाक आधी करून ठेवा. साखर आणि पाणी वजनाने समान घ्या, म्हणजे २५० ग्रॅम साखर आणि २५० मिली पाणी. साखर विरघळेपर्यंतच गरम करा. तार येऊ द्यायची नाही. पूर्ण गार झाल्यावर काचेच्या बाटलीत भरून फ्रिजमध्ये ठेवला तर दोन आठवडे चांगला राहतो. लिंबाचा रस या पाकाबरोबर कधीही उकळू नका, त्याचा वास उडतो आणि शिजल्यासारखी चव येते.

३०० मिलीच्या एका ग्लासला २० मिली रस (मध्यम कागदी लिंबू १५ ते २० मिली देते), ३० मिली पाक, चिमूटभर सैंधव किंवा पादेलोण, आणि १८० ते २०० मिली सोडा. रस, पाक आणि मीठ ग्लासात घालून मीठ विरघळेपर्यंत ढवळा. मग बर्फाचे तीन-चार मोठे तुकडे. फ्रीजरमधून काढलेल्या बर्फावर पांढरे दव असते, त्यावरही फेस होतो. तुकडे थंड पाण्याखालून एकदा काढले की तो प्रश्न मिटतो. बर्फाचा चुरा नको. शेवटी ग्लास तिरका धरून सोडा कडेने ओता आणि लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. बस्स. पाक जड असल्याने तळाशी बसतो, तो या एका उचलीने पुरेसा मिसळतो. गोल गोल ढवळण्याची गरज नाही.

सब्जा घालायचा असेल तर १५ मिनिटे पाण्यात फुगवून, निथळून, रस-पाकाबरोबर घाला. कोरडा सब्जा सोड्यात गुठळ्या धरतो.

पेय प्यायल्यावर जिभेवर कडवटपणा राहतो. लिंबे जांभळी नाक्यावरून निवडून आणतो, तरी हे होतेच. (पाचपाखाडी, ठाणे)

कडूपणा बहुतेक वेळा लिंबाच्या जातीत नसतो, तो पिळण्याच्या पद्धतीतून येतो. सालीखालचा पांढरा भाग आणि बिया कडू असतात. दाबयंत्रात अर्धे लिंबू घालून ताकदीने, आणि थेंब वाया जाऊ नये म्हणून दुसऱ्यांदा दाबले की तो भाग चिरडून रसात उतरतो. एकदाच, मध्यम जोराने पिळा. त्याआधी लिंबू तळहाताखाली ओट्यावर फिरवून घेतले तर तेवढ्यातच भरपूर रस निघतो. फ्रिजमधले लिंबू असेल तर आधी दहा मिनिटे बाहेर ठेवा. रस बारीक गाळणीतून गाळा, पण गाळणीतला चोथा चमच्याने घासू नका.

जगमध्ये चकत्या घालून ठेवत असाल तर तेही कारण आहे. अर्ध्या तासात साल कडूपणा सोडू लागते. चकती हवीच असेल तर वाढताना ग्लासात घाला.

लिंबाचा खरा सुगंध रसापेक्षा सालीच्या बाहेरच्या थरातल्या तेलात असतो, आणि तो कडूपणाशिवाय मिळवता येतो. चार लिंबे नीट धुऊन पुसा. सालकाढणीने फक्त वरचा रंगीत पापुद्रा काढा. पांढरे दिसले की हात हलका करा. हा पापुद्रा १०० ग्रॅम साखरेत चोळून झाकून ठेवा. चार-पाच तासांत साखर ओलसर होऊन पिवळट दिसते, तेल तिने ओढून घेतलेले असते. त्यावर १०० मिली गरम पाणी ओता, ढवळा, गाळा. साध्या पाकाऐवजी हा वापरून पाहा, एवढ्याने पेय कुठल्या कुठे जाते. उन्हाळ्यात लिंबू कडाडते तेव्हा तर पिळून टाकायच्या साली अशा कामी आणणे फार सोयीचे आहे.

विकतचा सोडा नको म्हणून लिंबूपाण्यात खाण्याचा सोडा घालते. फेस छान येतो, पण पेय खारट आणि मिळमिळीत लागते. शिवाय सोडा, सायट्रिक ॲसिड आणि पिठीसाखर एकत्र करून ठेवलेली पावडर पावसाळ्यात गोळा झाली आणि आता फेसाळतच नाही. (ऐरोली)

ताई, दोन्हींचे मूळ एकच आहे. खाण्याचा सोडा आणि लिंबातले आम्ल यांची क्रिया होऊन गॅस सुटतो, पण मागे सोडियम सायट्रेट नावाचे खारट क्षार राहते आणि आम्ल संपते. २० मिली रसात साधारण १.२ ग्रॅम सायट्रिक आम्ल असते. पाव चमचा सोडा म्हणजे तेवढाच, सुमारे १.२ ग्रॅम, तो त्यातले तीन चतुर्थांश आम्ल खाऊन टाकतो. मग आंबटपणा उरणार कुठून? गॅसही उघड्या ग्लासातून पटकन उडतो. सगळाच्या सगळा टिकला असता, तरी तो चांगल्या बाटलीबंद सोड्याच्या निम्म्याहून कमी भरला असता.

करायचेच असेल तर सोडा पाव चमच्याच्या निम्मा, लिंबू एकाऐवजी दीड, पाणी बर्फासारखे गार आणि मीठ अजिबात नाही. सोडा आधी पाण्यात विरघळवा, रस-पाक शेवटी ओता आणि लगेच प्या. घरात कुणाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर ही पद्धत सोडून द्या. पाव चमचा सोड्यात सुमारे ३३० मिलीग्रॅम सोडियम असते, आणि जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसासाठी दिवसाची मर्यादा २००० मिलीग्रॅमच्या आत सांगितली आहे. पोट साफ होण्यासाठी किंवा पित्तावर घ्यायच्या फेसाळ पुड्यांनी पेय करणाऱ्यांनाही हेच सांगणे आहे. ते औषध आहे, सरबताचा मसाला नाही.

पावडरीचे म्हणाल तर आपल्याकडच्या दमट हवेत सोडा आणि आम्ल एका बरणीत टिकूच शकत नाहीत. हवेतला ओलावा शिरला की त्यांची क्रिया बरणीतच हळूहळू उरकते. म्हणून गोळा झालेली पावडर वाळवूनही फेसाळणार नाही. सायट्रिक ॲसिड आणि साखर एका डब्यात, सोडा दुसऱ्या घट्ट डब्यात, आणि चमचा दर वेळी कोरडा, अशी व्यवस्था ठेवा.

सोडा मशीन घेतले. सरबताची बाटली लावली तर फेस उसळून ओटाभर झाला. तेव्हापासून साध्या पाण्यातही गॅस नीट जात नाही. (नेरूळ)

मशीनमध्ये फक्त साधे पाणी, हा नियम कंपनीची सूचनापुस्तिका सांगते तो याच कारणाने. साखर आणि रसातला गर फेस धरून ठेवतात, तो नळीतून वर चढतो आणि नोझलमध्ये वाळून बसतो. कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने नोझल आणि त्याभोवतीचा भाग पुसा, मग साध्या पाण्याची बाटली लावून दोन-तीनदा चालवा. टाचणीने कोरू नका. एवढ्याने सुधारले नाही तर मशीन विक्रेत्याला दाखवा, कारण जादा दाब सोडणारी झडप चिकटली असेल तर ते धोक्याचे आहे.

पाणी बाटलीवरच्या रेघेपर्यंतच, आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवलेले. बटण लांब दाबून धरण्यापेक्षा एक-एक सेकंदाचे तीन-चार दाब द्या, मध्ये थोडे थांबा. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास येत असेल तर तो सोड्यातही जाणवतो. मोरबे धरणाचे पाणी कितीही चांगले असले तरी निर्जंतुकीकरणासाठी क्लोरीन लागतोच. पाणी उकळून गार करून घ्या. मशीनची प्लास्टिक बाटली गरम पाण्याने कधीही धुऊ नका, आणि तिच्यावर छापलेली मुदत संपली की ती बाद करा.

मशीनऐवजी सोडा सायफन, म्हणजे गॅसच्या छोट्या नळकांडीवर चालणारी सोड्याची बाटली, घेणाऱ्यांसाठी: एक लिटरला ८ ग्रॅमचा एक चार्जर (ती नळकांडी) पुरतो, पण तो कार्बन डायऑक्साइडचा आहे ना हे डबीवर वाचून घ्या. क्रीम फेटण्याचे चार्जर तसेच दिसतात, त्यांत नायट्रस ऑक्साइड असतो आणि त्याने सोडा होत नाही.

चैत्रातल्या हळदीकुंकवाला पन्ह्याबरोबर ४० जणींसाठी लिंबू सोडा करायचा आहे. आयत्या वेळी धांदल होऊ नये म्हणून काय करावे? (कोपरखैरणे)

२०० मिलीचे ग्लास धरा. रस ६०० मिली, म्हणजे ४० ते ४५ लिंबे. पाक एक लिटर, त्यासाठी ६१५ ग्रॅम साखर आणि तेवढेच पाणी. मीठ दोन सपाट चमचे. पाक आदल्या दिवशी करा. रस मात्र त्याच दिवशी सकाळी काढून पाक-मिठात मिसळा आणि मिश्रण फ्रिजमध्ये ठेवा. हे १६०० मिली होते, म्हणजे ग्लासाला बरोबर ४० मिली. एक छोटी वाटी मापून खूण करून ठेवली की कुणीही भरू शकते. वर बर्फाचे दोन तुकडे आणि १२० मिली सोडा. ७५० मिलीच्या सात बाटल्या पुरतात, एक जास्तीची आणून ठेवा.

एवढ्या बाटल्या फ्रिजमध्ये मावणार नाहीत. टबमध्ये बर्फ आणि पाणी दोन्ही घाला, मूठभर जाडे मीठ टाका आणि बाटल्या गळ्यापर्यंत बुडवा. अर्ध्या-पाऊण तासात छान गार होतात. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण बाटलीला बर्फ जागोजागीच टेकतो, पाणी सगळीकडून भिडते. फ्रीजरमध्ये मात्र बाटल्या विसरू नका, त्या फुटतात. आणि जगमध्ये एकत्र कालवून ठेवू नका. एकेक ग्लास समोर भरा, बायका बसल्यावर.

मोसंबीचा सोडा बेचव होतो. (वाशी)

मोसंबीत आम्ल कमी. १०० मिली रसाला १० मिली लिंबूरस आणि १०० मिली सोडा घ्या, पाक चव पाहूनच. रस काढल्यावर पंधरा-वीस मिनिटांत प्या. मोसंबीचा रस ठेवला की कडू होत जातो. मिक्सर नको, बिया चिरडतात. गणपतीच्या सुमारास पपनस मिळते, त्याच्या फोडी पापुद्रे काढून कुस्करल्या तर असाच सुरेख सोडा होतो. मात्र कोलेस्टेरॉल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्यांबरोबर पपनस चालत नाही, डॉक्टरांना विचारा.

यीस्ट घालून घरीच गॅस तयार करतात म्हणे. काचेच्या बाटलीत केले तर ती फुटली. (खारघर)

काच नकोच. आपल्या उकाड्यात यीस्ट फार वेगाने काम करते आणि दाब किती झाला हे काचेवरून कळत नाही. सोड्याची रिकामी, स्वच्छ प्लास्टिक बाटली घ्या. एक लिटर पाण्यात ९० ग्रॅम साखर, ६० मिली लिंबूरस आणि कोरड्या यीस्टची अगदी लहान चिमूट. वर तीन-चार बोटे जागा सोडून बूच घट्ट लावा. दर तीन-चार तासांनी दाबून पाहा. बाटली नव्या सोड्याच्या बाटलीइतकी टणक लागली की ताबडतोब फ्रिजमध्ये. बाहेर राहिली तर दाब वाढतच जातो. पूर्ण गार झाल्यावर बूच हळूहळू सैल करा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. या पेयात अर्धा ते एक टक्का मद्यार्क तयार होतो. मुलांना, गरोदर स्त्रियांना आणि मद्य वर्ज्य असणाऱ्यांना देऊ नका.

गोटीच्या बाटल्या मिळाल्या आहेत. घरी भरता येतील? (कोपरी, ठाणे)

नाही. हायरम कॉड या इंग्रज अभियंत्याने १८७२ मध्ये पेटंट घेतलेली ही बाटली दाबाखाली उलटी भरतात. गॅसच्या दाबाने गोटी गळ्यातल्या रबरी कड्यावर बसते. त्याला भरण्याचे यंत्र लागते, आणि जुन्या काचेला तडा असेल तर ती हातात फुटते.

लिंबू सोडा तांब्याच्या जगमध्ये ठेवला तर गार राहील ना? (कळवा)

ठेवू नका. आंबट पदार्थात तांबे उतरते आणि मळमळ, उलटी होऊ शकते. पितळेलाही हेच लागू. काच किंवा स्टील घ्या.

उघडलेली सोड्याची बाटली दाबून, हवा काढून बंद केली तर गॅस टिकतो का? (घणसोली)

उलट जास्त जातो. दाबलेली बाटली पुन्हा फुगू पाहते आणि ती जागा भरायला पाण्यातलाच गॅस बाहेर येतो. न दाबता बूच घट्ट लावून लगेच फ्रिजमध्ये ठेवा. दोघांचेच घर असेल तर मोठीपेक्षा छोट्या बाटल्या आणा.