बंद कारखान्याच्या आवारातली जुनी लोखंडी टाकी रंगवून तिची सार्वजनिक कलाकृती करायची आहे. सुरुवात कुठून करावी?

रंगाचे डबे आधी बाजूला ठेवा.

मी २२ वर्षं फिटर होतो. कारखाना बंद पडल्यावर तिथल्या पाण्याच्या टाकीवर मोठं चित्र काढायचं ठरलं आणि माहितगार म्हणून मला बोलावलं. माहितगार म्हणजे कुलपं उघडून द्यायला, हे नंतर कळलं. मॅनहोलच्या बाजूला पांढऱ्या ऑइलपेंटने तारखांची यादी होती. दरवर्षी टाकी आतून साफ झाली की आत उतरलेल्याने तारीख आणि आद्याक्षरं टाकायची, अशी आमची रीत. शेवटची ओळ माझी. त्यातला 'म' खाली ओघळलेला, कारण बोटं गारठली होती.

शुक्रवारी दुपारी सॅण्डब्लास्टिंगवाल्याने, म्हणजे वाळूचा जोरदार मारा करून पत्रा खरवडणाऱ्याने, ती यादी अर्ध्या तासात उडवली. आणि उघडा पत्रा तसाच सोडून मंडळी घरी. प्रायमर, म्हणजे रंगाआधीचा गंज रोखणारा थर, सोमवारी! ब्लास्ट केलेला पत्रा दमट हवेत काही तासांत गंज धरतो, प्रायमर त्याच दिवशी लागला पाहिजे, हे तीनदा सांगितलं. "काका, टेन्शन घेऊ नका." दुसऱ्याच पावसाळ्यात रिव्हेटच्या ओळीने रंगाला फोड आले. चित्र कामगाराच्या हाताचं होतं, आता त्याला अंगठा नाही.

माझा जुना जोडीदार म्हणतो, चित्र निघालं म्हणून टाकी वाचली, नाहीतर भंगारात गेली असती. वाचवायला रंगच लागतो हे कुणी सांगितलं? जर्मनीत डुइसबुर्गचा लोखंडाचा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. उद्यानरचनाकार पीटर लाट्झ यांनी भट्ट्या गंजासकट ठेवल्या आणि भोवती उद्यान केलं. तिथल्या गॅसच्या टाकीत पाणी भरलंय, १३ मीटर खोल, लोक त्यात डायव्हिंग करतात. जवळच ओबरहाउझेनला गॅसच्या अशाच प्रचंड टाकीत ख्रिस्तो आणि जान-क्लोद या कलाकार जोडप्याने १९९९ मध्ये १३,००० पिंपांची रंगीत भिंत रचली. प्रदर्शन संपलं, भिंत निघाली, टाकी होती तशी. हे मी त्याला फोटो दाखवून सांगितलं, तर म्हणे ते जर्मनीत.

काँक्रीटचं गणित वेगळं, हे कबूल. ऑस्ट्रेलियात ब्रिम गावातल्या सायलोंवर, म्हणजे धान्याच्या उंच काँक्रीटच्या कोठारांवर, चित्रकार गुइडो व्हॅन हेल्टन यांनी २०१६ मध्ये शेतकऱ्यांची चित्रं रंगवली, ती मलाही आवडतात. माणसं तिथलीच वाटतात, कुठलाही हात उचलून चिकटवलेला नाही.

तेव्हा आधी तिथे काम केलेल्यांना शोधा, टाकीवर काय काय लिहिलंय ते त्यांच्याकडून वाचून घ्या, फोटो काढा. त्या कोपऱ्याला ब्लास्टिंग लागू देऊ नका. आणि हो, हे वरच लिहायला हवं होतं: जुन्या रंगात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय घासू नका, ती धूळ वाईट. बंद टाकीत हवा तपासल्याशिवाय, बाहेर माणूस उभा केल्याशिवाय उतरू नका. पायाचे खांब स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा. परवानग्यांचं मला विचारू नका, ते काम जोडीदाराने केलं होतं.