आधी बांधावर जावे

ख्रिस्ती मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, येऊन तीनच महिने झाले असताना तुम्ही गायनपथक, शब्बाथशाळा (मुलांचे रविवारचे धर्मशिक्षण) आणि शुक्रवारची प्रार्थनासभा अशी तिन्ही कामे अंगावर घेतलीत, हा उत्साह मोलाचा आहे. परंतु जालन्याकडच्या मंडळीत तीस वर्षे पेटी वाजवल्यावर मला एवढेच सांगावेसे वाटते की, सध्या यांतले एकच काम ठेवावे.

नवखे बहुधा दोन ठिकाणी चुकतात. एक, चारचौघांतली प्रार्थना लांबत जाते आणि घरची आटते. बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानात (मत्तय 6:6) प्रभू येशूने दार लावून एकांतात प्रार्थना करायला सांगितले आहे, तेव्हा रोज दहा मिनिटे, कुणाला न सांगता, तेवढे करावे.

दुसरी चूक माझीच. बांधाच्या वादातून धाकट्या भावाशी बोलणे बंद असताना मी चार वर्षे दर रविवारी दानाच्या थैलीत पाकीट टाकत होतो, आणि अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट करावा, हे मत्तय 5:23-24 चे वचन तर मला तोंडपाठ होते. शेवटी कापूस वेचणीच्या दिवसांत त्याच्या शेतातल्या आखाड्यावर गेलो; त्याने काही न बोलता चुलीवर चहा ठेवला.

उपवास आणि दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा देणे) यांचे पाळकसाहेबांशी, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंशी, पुढे सावकाश बोलता येईल. या आठवड्यात तुमचे कुणाशी बिनसले आहे, तेवढे आठवून पाहावे.