खोकला मोजणारी आई

‘बाळाचा खोकला महिना झाला तरी जात नाही, औषध चालू असेपर्यंत बरे वाटते आणि बाटली संपली की पुन्हा ढास लागते,’ ही तक्रार पुण्यात दिवाळीनंतरची थंडी पडू लागली की फार ऐकू येते. बालरोगतज्ज्ञांकडून माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या पालकांच्या बाळाची तपासणी बहुधा आधीच झालेली असते. छाती स्वच्छ आहे, वजन ठीक आहे, काळजीचे कारण नाही, असे त्यांना सांगितलेले असते; तरीही रात्री दोन वाजता बाळ खोकू लागले की ते सगळे आश्वासन विरून जाते, कारण त्या क्षणी आपण नेमके काय पाहायचे हे त्यांना कोणी सांगितलेले नसते.

धायरीत राहणाऱ्या एका कुटुंबाची ही हकिकत आहे. ती त्यांच्या संमतीने लिहीत आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगी वीस महिन्यांची होती, पावसाळ्यात पाळणाघरात जाऊ लागली होती आणि तेव्हापासून घरात सर्दी-खोकला मुक्कामाला आल्यासारखा झाला होता. आईने सोबत तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, अर्धवट भरलेल्या पातळ औषधांच्या बाटल्या आणि एक वही आणली होती. वहीत रोज रात्री मुलगी किती वेळा खोकली याची नोंद होती. ते आकडे मिळवण्यासाठी ती माउली रात्र रात्र जागी राहत होती आणि सकाळी हिंजवडीची कंपनीची बस पकडत होती. सोबत आलेल्या सासूबाईंचे म्हणणे सरळ होते : ‘घरात होती तेव्हा कधी खोकली नाही, पाळणाघरात घातली आणि सुरू झाले.’ हे वाक्य उच्चारले गेले तेव्हा सुनेने मान खाली घातली आणि मला खोकल्याइतकेच त्या खाली गेलेल्या मानेकडे लक्ष द्यावे लागणार हे कळले.

मी आधी वहीच हाती घेतली. आकड्यांपेक्षा त्यांतील रिकाम्या जागा बोलक्या होत्या. काही दिवस नाक वाहणे, मग खोकला, तो हळूहळू कमी होऊन चार-सहा रात्री पूर्ण शांत, आणि पुन्हा नाक वाहण्यापासून सुरुवात. म्हणजे तो महिनोन्‌महिने चाललेला एकच खोकला नव्हता, तर एकामागून एक झालेल्या वेगवेगळ्या सर्दी होत्या. निरोगी लहान मुलाला वर्षाकाठी सहा ते आठ वेळा, पाळणाघराच्या पहिल्या वर्षात त्याहूनही अधिक वेळा सर्दी होऊ शकते, आणि प्रत्येक सर्दीनंतरचा खोकला दोन ते तीन आठवडे रेंगाळू शकतो. हिशेब मांडला की अर्धे वर्ष मूल खोकतच असल्याचा भास का होतो हे ध्यानात येते. त्यातून या वयात नाक शिंकरता येत नाही. आडवे झाले की शेंबूड घशाकडे उतरतो आणि त्यामुळे झोपताना व पहाटे ढास वाढते. तो खोकला श्वासनलिका साफ ठेवत असतो.

आजींना हे पटकन पटले नाही, आणि त्यांनी लगेच मान डोलवावी अशी माझीही अपेक्षा नव्हती. त्यांनी मोठ्या कष्टाने नातवंडे सांभाळली होती. ‘काही करू नका’ असे त्यांना सांगणे म्हणजे त्यांच्या मायेला काही कामच न ठेवणे. म्हणून मी त्यांना काय काय करता, असे विस्ताराने विचारले. तव्यावर गरम केलेल्या ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, छातीला कापराचा बाम, गरम पाण्याच्या पातेल्यावर धरून वाफ, देवापुढे सकाळ-संध्याकाळ धूप आणि रात्री उशाशी डासांची कॉइल, असा तो क्रम निघाला. वाफेच्या पातेल्याने लहान मुले भाजतात आणि कापराचा बाम दोन वर्षांखालील मुलांना लावू नये, हे मी स्पष्टपणे सांगितले. शेकाचा चटका बसू शकतो, म्हणून तोही नको म्हटले. धूप आणि कॉइल यांचा धूर श्वासनलिकेला सतत चेतवत राहतो, तेव्हा कॉइलऐवजी मच्छरदाणी लावावी, असे ठरले. त्या बदल्यात आजींकडे दोन कामे आली : झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याचे, औषधाच्या दुकानात मिळणारे थेंब नाकात घालणे आणि अर्धा चमचा मध चाटवणे. मुलगी वर्षाची पूर्ण झालेली असल्यामुळेच मध चालला. वर्षाच्या आतील बाळाला तो कधीही देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.

बाटल्यांचा प्रश्न अधिक नाजूक होता. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाड्यात दूषित पातळ औषधामुळे मुलांचे मृत्यू झाल्याच्या बातम्या या आईने वाचल्या होत्या, आणि तरीही ‘काहीच दिले नाही तर?’ या भीतीने ती औषधे देत होती. त्याच सुमारास केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत, असे कळवले होते. औषध शुद्ध असले तरी या वयात त्याचा उपयोग फारसा नसतो. गुंगी येणे, चिडचिड होणे, हृदयाचे ठोके वाढणे हे धोके मात्र असतात. बाटल्या बंद करण्याचा निर्णय मी घेतला नाही. ती चिठ्ठी बालरोगतज्ज्ञांनी लिहिली. खोकल्यामुळे डीपीटीचा बूस्टर पुढे ढकलला गेला होता हेही तेव्हाच उघड झाले. डांग्या खोकल्यापासून बचाव करणारी ही लस साध्या सर्दीसाठी थांबवण्याचे कारण नसते, आणि ती महानगरपालिकेच्या दवाखान्यात मोफत मिळते.

यानंतर उरली ती आईची मोजण्याची गरज. ती काढून घेणे मला योग्य वाटले नाही, म्हणून मी तिला खोकल्याऐवजी श्वास मोजायला शिकवले. मूल शांत झोपलेले असताना पोटावरची फ्रॉकची घडी वर करून, घड्याळाकडे पाहत, पूर्ण एक मिनिट. एक ते पाच वर्षांच्या मुलाचा श्वास मिनिटाला चाळीस किंवा त्याहून जास्त असेल तर तो वेगवान समजावा. श्वास घेताना बरगड्यांखालची जागा आत ओढली जात असेल, ओठ निळसर दिसत असतील, मूल दूध-पाणी घेत नसेल किंवा मलूल पडले असेल, तर वेळ न पाहता रुग्णालय गाठावे. ओला खोकला मधे एकही शांत दिवस न जाता चार आठवडे टिकला, किंवा दोन आठवड्यांच्या खोकल्यासोबत ताप अथवा वजन घटणे असेल आणि विशेषतः घरात वा पाळणाघरात कोणाला क्षयरोग असेल, तर तपासण्या करून घ्याव्यात. आणि खाताना-खेळताना ठसका लागून अचानक सुरू झालेला खोकला कधीही सर्दीचा समजू नये. दुसऱ्या एका मुलाच्या बाबतीत असाच ठसका घरच्यांनी विसरून टाकला होता आणि श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा दुर्बिणीने काढावा लागला. म्हणून ‘खोकला कधी सुरू झाला’ याआधी ‘कसा सुरू झाला’ हे मी विचारते.

पाळणाघराचा विषय मी शेवटी आणि सासूबाईंच्या समोरच काढला. घरात वाढलेले मूलही बालवाडीत गेल्यावर याच सर्दींतून जाते, हे सांगितले. नोकरी आणि खोकला यांचा संबंध तेवढाच, त्यात कोणाच्या मायेची उणीव नाही, हेही. आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी सुनेला विचारले, ‘मग रात्री मीपण मोजू का, तू झोप थोडी.’

पुढच्या दोन सर्दी औषधाच्या बाटलीविना गेल्या. जानेवारीत मात्र ताप आला आणि त्या रात्री खोकला नेहमीपेक्षा कमीच होता. पूर्वीच्या वहीनुसार ती चांगली रात्र ठरली असती. परंतु श्वास बावन्न भरले, बरगड्यांखाली खळगा पडत होता, आणि कुटुंबाने सकाळची वाट न पाहता मुलीला रुग्णालयात नेले. न्यूमोनियाचे निदान झाले, वेळेवर उपचार मिळाले आणि ती काही दिवसांत घरी आली. फेब्रुवारीत पुन्हा पाळणाघर सुरू झाले, आणि त्यानंतरच्या सर्दीत आईने मला फोन केला तो ‘श्वास तीस आहेत, बाकी सगळे ठीक आहे, आज दवाखान्यात नेत नाही,’ एवढे कळवण्यासाठी.