टर्बो बसवायचाय, पण सुरुवात कुठून?

प्रश्न : माझं वय ४२. लहानपणी वहीच्या मागच्या पानांवर वेगवान गाड्या काढायचो. अशी एक गाडी स्वतःच्या हातांनी तयार करायची, हे तेव्हापासून मनात आहे. आता १६०० सीसीची, टर्बो नसलेली, मागच्या चाकांवर चालणारी जुनी टू-सीटर मिळाली आहे. इंजिन ठीक वाटतं. टर्बो लावून ताकद दीडपट करायची आहे. कोणता टर्बो घेऊ आणि काम कुठून सुरू करू?
– एक वाचक

उत्तर : तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. माझ्याही वह्या अशाच भरलेल्या असायच्या. आजवर सहा गाड्या बांधल्या, त्यांतली पहिली अजून माझ्याकडे आहे आणि दर रविवारी सकाळी तिचं बॉनेट उघडल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्यामुळे ‘कशाला हा उद्योग’ असं मी तुम्हाला कधीच म्हणणार नाही. जरूर करा. पण तुमच्या पत्रातल्या ‘इंजिन ठीक वाटतं’ या तीन शब्दांवर मी अडलो.

ते मोजून घ्या. इंजिन गरम करा, चारही स्पार्क प्लग काढा, ठिणगी आणि पेट्रोल बंद ठेवा. कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणारं मीटर, लावा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. निरोगी पेट्रोल इंजिनात साधारण १० ते १३ बार दिसायला हवेत. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असेल. चार सिलिंडरमधली तफावत मात्र मी त्याहून बारकाईने बघतो. ती १० टक्क्यांच्या वर गेली, तर टर्बोचा विचार बाजूला ठेवा. कमी आकडा दाखवणाऱ्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. नाही चढला तर वाल्व किंवा हेड गॅस्केट तपासा.

हे एवढं सांगतोय, कारण न मोजता अंदाजावर विसंबण्याची चूक मी एकदा केली आहे. माझ्या दुसऱ्या गाडीला टर्बो बसवला, ती सुरेख पळाली, आणि मग हाव सुटली. इंधनाचं मॅपिंग, म्हणजे किती हवेला किती पेट्रोल द्यायचं याची मांडणी, तसंच ठेवून नुसता बूस्ट, म्हणजे टर्बो ज्या जादा दाबाने इंजिनात हवा कोंबतो तो दाब, वाढवला. काही दिवसांनी प्लग काढून भिंगाखाली धरला, तर पांढऱ्या चिनी मातीवर सुईच्या टोकाएवढे चकाकणारे ठिपके. ते पिस्टनचं ॲल्युमिनियम होतं! हेड उतरवून पिस्टन बाहेर काढले तेव्हा तिसऱ्या पिस्टनच्या दोन रिंगांमधली कड तुटलेली दिसली. नॉकिंग, म्हणजे सिलिंडरमधलं इंधन आपोआप भडकून ठोके बसणं, होत होतं आणि एक्झॉस्टच्या आवाजात मला ते ऐकूच आलं नव्हतं. तो पिस्टन आजही माझ्या टेबलावर आहे.

हिशोब असा आहे. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार. त्यावर अर्धा बार बूस्ट दिला की कागदावर दीडपट हवा आत जाते. पण दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारा इंटरकूलर हवाच. टर्बो नसलेल्या इंजिनाचं कॉम्प्रेशन मुळातच जास्त असतं, त्यामुळे नॉकिंगचा धोका वाढतो. सावकाश चालवताना पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे १४.७ भाग लागतात. बूस्टमध्ये ते ११.५ ते १२ च्या आसपास आणावं लागतं आणि टायमिंगही मागे घ्यावं, म्हणजे ठिणगी थोडी उशिरा पाडावी लागते. हे काम डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, जाणत्या माणसाकडूनच करून घ्या.

टर्बो लहान घ्या. तो लवकर भरतो, वळणातून बाहेर पडताना पाय दाबला की गाडी लगेच उत्तर देते. मोठ्याची वाट बघत बसावं लागतं. टर्बोच लावायला हवा असंही नाही म्हणा. १९८९ साली होंडाने १६०० सीसीच्या बी१६ए इंजिनातून टर्बोशिवाय १६० अश्वशक्ती काढली होती. पण त्यासाठी हेड, कॅमशाफ्ट आणि चढे आरपीएम (इंजिनाचे मिनिटाचे फेरे) लागतात, आणि तो रस्ता जास्त खर्चिक.

आता तुम्ही न विचारलेलं. पहिला पैसा ब्रेक आणि टायरवर घाला. १०० ऐवजी १४० च्या वेगाने जाताना गाडीतली ऊर्जा जवळजवळ दुप्पट होते, आणि ती सगळी ब्रेकना उष्णता म्हणून झेलावी लागते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. डॉट ४ दर्जाचं नवं ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरल्यावर ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. उकळलं की पाइपात वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल थेट तळाला टेकतं. ट्रॅकवर चौथ्या फेरीत माझं असं झालंय. पायाखाली काहीच नसल्याची ती जाणीव मी विसरलेलो नाही. म्हणून ऑइल बदला, होज तपासा, चांगले पॅड टाका, आणि मग काही महिने गाडी आहे तशीच चालवा. टर्बो लावल्यावर काय बदललं हे कळायला ती आज कशी वळते, कुठे घसरते, हे अंगात मुरलेलं असायला हवं.

तूर्त चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मला पाठवा. सोबत चारही प्लगचे फोटो, उजेडात आणि अगदी जवळून काढलेले. ते पाहून टर्बोचा साइज ठरवू.