सहा महिन्यांत मुलाचा ‘विकास’ अभ्यासता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम. ए. मानसशास्त्राचं डेझर्टेशन (शोधप्रबंध), हातात सहा महिने, पुण्यातल्या एका मराठी शाळेतली तिसरी, पाचवी आणि सातवीची मिळून नव्वद मुलं, प्रत्येकाची संयमाची एकच चाचणी. शीर्षक ‘वयानुसार संयमाचा विकास’. गाइड म्हणतात, ‘विकास’ शब्द काढा. का काढायचा आणि नाही काढला तर काय बिघडतं, हे तुम्हाला हवंय.

मी गेली बावीस वर्षं पुण्यात मुलांच्या निरीक्षणाचं काम करते, बरंचसं बालवाड्यांत आणि वस्तीतल्या शाळांत. विषय जिव्हाळ्याचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

गाइडचं म्हणणं मला पटतं. तिसरीतलं एक मूल सातवीत जाईपर्यंत कसं बदललं, हे तुम्ही पाहणारच नाही आहात. नव्वद वेगवेगळी मुलं तुम्ही एकेकदा पाहणार. त्यांच्यातला फरक वयाचा आहे असं आपण गृहीत धरतो, आणि तिथेच पाय घसरतो. 2025-26 मध्ये सातवीत असलेलं मूल घ्या. त्याची अख्खी दुसरी इयत्ता घरच्या मोबाइलसमोर गेली, कारण मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या. पाचवीतल्या मुलांचा तेव्हा मोठा शिशू गट होता आणि पुढे पहिलीचाही बराच भाग घरीच गेला. तिसरीतली पोरं तर तेव्हा तीनेक वर्षांची, शाळेची पायरीही न चढलेली. रांगेत थांबणं, बाईंनी नाव घेईपर्यंत गप्प बसणं, डबा मधल्या सुट्टीपर्यंत न उघडणं या सवयी ज्या वयात लागतात, त्या वयात या तिन्ही वर्गांच्या वाट्याला वेगवेगळी शाळा आली. उद्या सातवीची मुलं पाचवीपेक्षा जास्त थांबली, तर ते वयामुळे की पहिलीचा वर्ग धड मिळाल्यामुळे? तुमच्या आकड्यांत याचं उत्तर कुठेच नसेल.

ही अडचण जुनी आहे. मानसशास्त्रज्ञ वॉर्नर शाय यांनी 1956 मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलमध्ये प्रौढांच्या बुद्धिमत्तेचा अभ्यास सुरू केला. दर सात वर्षांनी त्याच माणसांना पुन्हा तपासायचं आणि प्रत्येक फेरीत नवी माणसंही घ्यायची. एका वेळी वेगवेगळ्या वयाची माणसं तपासली की बुद्धी तरुणपणानंतर लगेच उतरणीला लागल्यासारखी दिसायची. तीच माणसं वर्षानुवर्षं पाहिली, तेव्हा बहुतेक क्षमता साठीच्या आसपासपर्यंत टिकून असल्याचं दिसलं. त्या उतारात मोठा वाटा पिढ्यांमधल्या फरकाचा होता: म्हातारी मंडळी कमी शाळा शिकलेली होती. वय, जन्मवर्ष आणि चाचणीचं वर्ष यांतल्या कुठल्याही दोन गोष्टी ठरल्या की तिसरी आपोआप ठरते, म्हणून एकाच मोजणीत ही तीन सुटी करता येत नाहीत.

आणि वय स्वतः काहीच करत नाही, हे आपण फार लवकर विसरतो. वाढदिवस झाला म्हणून कुणी जास्त थांबायला लागत नाही. त्या वर्षात भाषा वाढली, झोप नीट झाली, धाकटं भावंड आलं, आजी गावाला गेली, अशा गोष्टी घडतात आणि त्या काम करतात. ‘वयानुसार’ असं लिहिलं की या सगळ्यावर पांघरूण पडतं.

आता माझ्या एका चुकीबद्दल. सुरुवातीच्या काळात एका प्रकल्पासाठी मी पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीतल्या बालवाडीत महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी जायची आणि फॉर्म भरायची. एक रकाना होता: ‘खाऊ वाढल्यावर सर्वांसाठी थांबते का?’ साडेतीन वर्षांच्या एका मुलीपुढे माझ्या खुणा होत्या, सप्टेंबर नाही, ऑक्टोबर नाही, नोव्हेंबर नाही, डिसेंबर हो, जानेवारी हो. अहवालात मी ठामपणे लिहिलं की डिसेंबरमध्ये तिच्यात थांबण्याची क्षमता आली.

पुढच्या वर्षी दुसऱ्या कामासाठी मला त्याच बालवाडीत रोज बसायला मिळालं. तिच्याच वयाची दुसरी एक मुलगी होती. खिचडी वाढून झाली की श्लोक संपेपर्यंत हात लावायचा नाही, असा बाईंचा नियम. पहिल्या आठवड्यात ती सरळ खायची. मग एक दिवस थांबली, दुसऱ्या दिवशी पुन्हा खाल्लं. नंतर तिने दोन्ही तळहात मांडीखाली दाबून त्यांवर बसायला सुरुवात केली. ते काही दिवस चाललं. तापाने चार दिवस घरी राहून परत आली तेव्हा पुन्हा पहिले पाढे पंचावन्न, श्लोकाआधीच अर्धी ताटली रिकामी. मग हातांवर बसणं परत आलं. त्यानंतर ती ताटलीकडे न बघता बाईंच्या ओठांकडे टक लावून बसू लागली. आणि एके दिवशी स्वतःच श्लोक म्हणायला लागली, सगळ्यांपेक्षा भरभर, सगळ्यांच्या आधी संपवत. हात मांडीवर मोकळे.

माझ्या जुन्या फॉर्मवर ही मुलगीसुद्धा नाही, नाही, नाही, हो अशीच उतरली असती. तिने थांबायच्या तीन युक्त्या शोधल्या, त्यातली पहिली गमावून परत मिळवली, आणि विकास म्हणतात तो यालाच. महिन्याच्या चाळणीतून ते सगळं खाली गळून गेलं असतं.

मोजणीतलं अंतर बदललं की वाढीचं चित्रच बदलतं, हे शरीराच्या बाबतीतही दिसलं आहे. मिशेल लॅम्पल आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये बाळांच्या लांबीचा अभ्यास प्रसिद्ध केला. काही बाळं आठवड्याला, काही आठवड्यातून दोनदा, तर काही रोज मोजली होती. वाढ सलग होत नव्हती. बरेच दिवस काहीच नाही आणि मग एकाएकी अर्धा ते अडीच सेंटिमीटरची उडी. ‘रात्रीतून झबलं आखूड झालं’ असं आपल्या आया-आज्या म्हणतात, त्यात बरंच तथ्य होतं तर. रांगणं, उभं राहणं, चालणं यांच्या रोजच्या नोंदी मानसशास्त्रज्ञ कॅरन अॅडॉल्फ यांच्या गटाने तपासल्या, तिथेही बहुतेक कौशल्यं आली, गेली, पुन्हा आली आणि मग स्थिरावली. नोंदी विरळ केल्या की तीच एका पायरीसारखी दिसू लागतात.

याच्या दुसऱ्या टोकाला असे प्रश्न आहेत ज्यांना रोजची वही पुरत नाही, दशकं लागतात. त्यासाठी दूर जायला नको. के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्रात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत मातांच्या पोषणाचा अभ्यास सुरू केला. गरोदर होण्याआधीपासून बायकांची नोंद ठेवली आणि जन्मलेली सातशेहून अधिक मुलं मोठी होईपर्यंत पाहिली. त्यातली काही मुलं नऊ वर्षांची झाल्यावर त्यांचं लक्ष आणि स्मरण तपासलं. गरोदरपणी ज्या आयांच्या रक्तात बी-12 जीवनसत्त्व कमी होतं, त्यांची मुलं लक्ष टिकवण्याच्या आणि अल्पकालीन स्मरणाच्या चाचणीत मागे पडली. नऊ वर्षांनी आईला विचारून गरोदरपणातलं बी-12 कळलं असतं का? ते रक्त तेव्हाच घेऊन जपून ठेवावं लागतं.

तुमच्या विषयाला अगदी जवळचा अभ्यास न्यूझीलंडच्या डनेडिनचा. 1972-73 मध्ये जन्मलेली 1037 मुलं. तीन ते अकरा वर्षांच्या काळातला त्यांचा संयम पालक, शिक्षक, निरीक्षक आणि पुढे स्वतः मुलं यांच्याकडून पुन्हा पुन्हा नोंदवला आणि बत्तिसाव्या वर्षीचं आरोग्य आणि पैशाची स्थिती त्याच्याशी ताडून पाहिली. नातं दिसलं. मला त्याहून मोलाचं वाटतं ते हे, की पंचेचाळिसाव्या वर्षीही हयात असलेल्यांपैकी 94 टक्के तपासणीला आले.

ही 94 टक्क्यांची किंमत मला बाणेर-बालेवाडीच्या बाजूच्या एका बांधकामाजवळच्या शाळेत कळली. जूनमध्ये आमच्या यादीत 24 मुलं होती, दिवाळीनंतर 15 परतली. वर्गाची सरासरी छान वर गेली आणि आम्ही खूश झालो. नंतर एकेका मुलाचे आकडे लावून पाहिले, तर उरलेल्या पंधरांत जवळजवळ कुणीच बदललं नव्हतं. काम संपलं म्हणून ज्यांचे आईबाप पुढच्या साइटवर गेले, ती मुलं आधीपासूनच चाचणीत मागे होती. यादीतून ती गेली आणि सरासरी वाढली.

मग सहा महिन्यांत काय करता येईल? नव्वद मुलं आणि एक चाचणी सोडा. आठ किंवा दहा मुलं घ्या, एकाच वर्गातली चालतील, आणि आठवड्यातून तीनदा, दहा ते बारा आठवडे, त्यांना एकाच प्रसंगात पाहा. तो प्रसंग शाळेत आपोआप घडणारा असावा: पोषण आहाराची रांग, खेळाच्या तासाला आपली पाळी. रोज तीच चाचणी दिली तर मुलं चाचणीच शिकतात. ‘थांबला की नाही’ एवढ्यावर समाधान मानू नका, थांबताना काय केलं तेही लिहा. शीर्षकात ‘विकास’ ठेवायचाच असेल, तर तो शब्द पेलणारी आखणी हीच. गाइडना नव्वद मुलंच हवी असतील, तर शीर्षक ‘तीन इयत्तांमधील संयमाची तुलना’ करा आणि कोविडचा मुद्दा मर्यादांत नीट, सविस्तर मांडा.

तारखा आधी पाहून घ्या. गणपतीच्या दहा दिवसांत आणि लगेच नंतर पुण्यातली मुलं जागरणाने पेंगत असतात. स्नेहसंमेलनाच्या तालमी लागल्या की वर्गाचं वेळापत्रक पार कोलमडतं. घटक चाचणीचा आठवडा टाळा. रोज एकाच वेळी जा, कारण मधल्या सुट्टीआधीचं भुकेलं मूल आणि नंतरचं पोट भरलेलं मूल यांचा संयम एक नसतो.

आणि वयाच्या रकान्यात ‘तिसरी’ लिहू नका. एकाच तिसरीत अकरा-अकरा महिन्यांचं अंतर असतं. शाळेची परवानगी घेऊन जनरल रजिस्टरमधून (शाळेच्या प्रवेशांच्या नोंदवहीतून) प्रत्येकाची जन्मतारीख पहिल्याच दिवशी उतरवून घ्या आणि निरीक्षणाच्या दिवशीचं वय महिन्यांत काढा.