पोरगा म्हणतोय शाळेत फुटबॉल कोच व्हायचंय, हे करिअर आहे का?

नमस्कार दादा,

तुमचं पत्र वाचलं. मुलगा कोल्हापुरात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, पेठेतल्या तालमीच्या फुटबॉल टीमकडून खेळतो, सकाळी गल्लीतल्या पोरांना फुकट शिकवतो आणि आता बँकेच्या परीक्षा द्यायच्या नाहीत, शाळेत कोच व्हायचंय म्हणून हटून बसलाय. तुम्ही विचारलंय की याला करिअर म्हणायचं की समाजसेवा.

मी म्हणेन दोन्ही, फक्त आधी पगाराची सोय आणि मग त्या जोरावर सेवा, हा क्रम उलटा झाला की पाच-सहा वर्षांत पोरगं वैतागतं. नागपूरच्या विजय बारसे सरांचंच बघा ना. हिस्लॉप कॉलेजात खेळाचे सर होते, पावसात झोपडपट्टीतली पोरं मोडकी बादली फुटबॉलसारखी लाथाडताना दिसली आणि २००१ मध्ये अशा पोरांना फुटबॉल शिकवणारी त्यांची संस्था स्लम सॉकर सुरू झाली, पुढे २०१६ ला फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. लोक बादलीची गोष्ट सांगतात, पण महिन्याला पगार येत होता हे कोणी सांगत नाही, आणि मला तर तेच जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता शाळेत शिरायचे रस्ते दोन आहेत. एक म्हणजे पीटीचे सर, त्यासाठी ग्रॅज्युएशननंतर दोन वर्षांचं बी.पी.एड., त्याची सीईटी असते आणि तिच्यात मैदानावरची टेस्टही असते. अनुदानित शाळेत कायमची नोकरी हवी तर पुढे टेट ही शिक्षक भरतीची परीक्षा आणि सरकारचं भरतीचं पवित्र पोर्टल, आणि तिथे क्रीडाशिक्षकाच्या जागा फार कमी निघतात हे आत्ताच सांगून ठेवतो, नंतर मला बोल लावू नका. दुसरा रस्ता म्हणजे नुसता कोच. प्रायव्हेट शाळा, इंटरनॅशनल शाळा, अकॅडमी असे लोक मानधनावर घेतात, तिथे एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंग लायसन्स विचारतात. डी पासून सुरुवात, मग सी, बी, ए, आणि सगळ्यात वर प्रो. पुणे-मुंबईकडे फुल टाइम कामं मिळतात, कोल्हापुरात बहुतेक तासावर, आणि सुट्टीत पैसे मिळणार का हे आधीच लेखी विचारून घ्यायचं, पोरं लाजतात आणि मे महिन्यात हात हलवत बसतात.

माझ्या मते त्याने बी.पी.एड. करावं आणि ते चालू असतानाच डी लायसन्स उरकावं. फक्त लायसन्सवर राहिला तर कायम मानधन, फक्त बी.पी.एड.वर राहिला तर कवायत आणि स्पोर्ट्स डेची रांगोळी, फुटबॉल राहिला बाजूलाच. आणि हो, बी.कॉम.ला पन्नास टक्क्यांच्या खाली जाऊ देऊ नका, बी.पी.एड.ला साधारण तीच अट असते, खेळाडूंना थोडी सवलत मिळते पण तिच्या भरवशावर कशाला राहायचं.

सकाळच्या फुकट क्लासला तुम्ही वेळेचा नास म्हणालात, तिथे मात्र मला तुमचं पटलं नाही. मुलाखतीला शाळा काय विचारणार? लहान पोरं सांभाळली आहेत का. मग त्याने एक वही करावी, कोण येतं, वय काय, कोणाला काय शिकवलं, सगळं त्यात. पालकांची लेखी परवानगी घ्यावी, फर्स्ट एड शिकून घ्यावं, सोबत अजून एक मोठं माणूस ठेवावं, एकट्याने लहान मुलांना घेऊन मैदानावर थांबायचे दिवस आता गेले. मुलींनाही घ्या, कोल्हापुरात मुली चांगल्या खेळतात. आणि वेगवेगळ्या पेठांची पोरं एकत्र घ्या असं त्याला माझ्याकडून सांगा, शाहू स्टेडियमवर मॅच संपल्यावर गॅलरीत काय चालतं ते तुम्हाला मी काय सांगणार, दहा वर्षांची असताना एकत्र खेळलेली पोरं पुढे एकमेकांवर बाटल्या फेकायला जरा तरी कचरतील.

तो अनिकेत जाधवचं नाव घेतो असं लिहिलंय. कोल्हापूरचा पोरगा २०१७ ला अंडर-१७ वर्ल्ड कपला भारताकडून खेळला, भारीच आहे, पण तो खेळाडूचा रस्ता झाला. शाळेच्या कोचचं काम म्हणजे सुब्रोतो कपची, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेची, टीम जिल्ह्यातून वर नेणं, फॉर्म वेळेत भरणं, जन्मदाखले जमवणं, हरल्यावर रडणाऱ्या पोराला घरी सोडणं. हे त्याला आवडतंय का ते विचारा, नुसतं ट्रॅकसूटचं आकर्षण असेल तर मग बँक बरी.

"लग्नाला मुलगी कोण देणार" याचं उत्तर माझ्याकडे नाही, ते खातं आमच्या ताईंचं.

आता लगेच करायचं म्हणजे शाळा-कॉलेजपासूनची खेळाची सगळी सर्टिफिकेटं एका फाईलला लावा आणि राज्य पातळीचं एखादं असेल तर जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन पडताळणीचं विचारून या, सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, त्याला कोच व्हायचं असलं तरी तो दरवाजा आत्ताच कशाला बंद करायचा.